आखाजीच्या दुसऱ्या दिवशी: खानदेशातल्या एका महसूल मंडळातील वारस नोंदींचे प्रकरण

पार्श्वभूमी

तालुका तापीच्या दक्षिणेला, सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावरचा. कोरडवाहू जमीन जास्त, पीक कापसाचे आणि मक्याचे. घरटी कोणी ना कोणी सुरतेला, उधना-लिंबायत भागात कापडाच्या कारखान्यांत कामाला. गाव, मंडळ आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील इथे काढून टाकले आहेत. तलाठी आणि कोतवाल ही पदनामे त्या वेळची ठेवली आहेत; आज त्यांना ग्राम महसूल अधिकारी आणि महसूल सेवक म्हणतात. मी या मंडळात प्रशिक्षक म्हणून जात होतो, त्यामुळे पुढचे बरेचसे माझ्यासमोर घडले आहे.

सुरुवात एका प्रशिक्षणातून झाली. विषय होता ‘शासकीय सेवेत नवोपक्रम आणि नेतृत्व’. असे वर्ग आता दुर्मीळ नाहीत. राज्याचे प्रशिक्षण धोरण २०११ पासून आहे, पुण्यात यशदा ही राज्याची प्रशिक्षण संस्था आहे, २०२० पासून केंद्राच्या मिशन कर्मयोगीमुळे मोबाईलवर अभ्यासक्रम आहेत. बहुतेक वेळा प्रमाणपत्र फाईलला लागते आणि माणूस दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर तेच काम त्याच पद्धतीने करू लागतो. या तालुक्याच्या तहसीलदार मॅडमनी वर्ग संपल्यावर मला विचारले, “यांच्याकडून खऱ्या कामातला एखादा प्रश्न सोडवून घेता येईल का? कागदावरचा नको.” प्रश्न शोधावा लागला नाही. तो रोज त्यांच्या दालनाबाहेरच्या बाकावर बसलेला असायचा.

अडचण

शेतकरी वारतो आणि सातबाऱ्यावर त्याचे नाव वर्षानुवर्षे तसेच राहते. कोविडनंतर अशा उताऱ्यांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली होती. बाकावरच्या एका गृहस्थांनी एका वाक्यात सगळे सांगितले: “मन्हा बाप मरीसन धा वरीसं व्हयनात, पन उतारावर मालक आजून तोच शे.”

मेलेल्या माणसाच्या नावावर विकास सोसायटी पीककर्ज देत नाही, आणि अवकाळीचा पंचनामा झाला तरी अनुदान कोणाच्या खात्यात टाकायचे हा घोळ होतो. पीएम किसानला जमीन १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी नावावर असावी लागते. मालकाच्या मृत्यूमुळे वारसाकडे आलेल्या जमिनीला त्यात सवलत आहे, पण ती घ्यायची तर आधी वारसाचे नाव लागलेले हवे. वर्षाचे ६,००० रुपये अनेक घरांत केवळ या एका नोंदीवाचून अडले होते.

कायदा अवघड नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे, वारसाने मिळालेला हक्क तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचा. वारसांची चौकशी होऊन गाव नमुना ६-क मध्ये नोंद होते, मंडळ अधिकारी वारस ठरवतात, मग गाव नमुना ६ मध्ये फेरफार, हितसंबंधितांना नोटीस, १५ दिवसांची मुदत, आणि हरकत नसेल तर नोंद प्रमाणित. ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्या अर्जही करता येतो. एवढे सगळे असताना काम का अडते, याचे उत्तर कोणी नेमके शोधले नव्हते. तलाठी म्हणत लोक कागद आणत नाहीत, लोक म्हणत तलाठी भेटत नाही. तलाठी भेटत नाही यात तथ्य होते, कारण एकेकाकडे दोन-दोन सजे, म्हणजे तलाठ्याच्या कामाच्या गावांचे गट. त्याच वर्षी, २०२३ मध्ये, राज्याने ४ हजारांहून अधिक तलाठी पदांची भरती जाहीर केली, यावरून रिकाम्या खुर्च्यांचा अंदाज यावा.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय नेहमीचा: परिपत्रक काढायचे, प्रत्येक सजाला उद्दिष्ट द्यायचे, दर सोमवारी आढावा घ्यायचा. आकडा नक्की हलला असता. पण आकड्यामागे धावणारा तलाठी सोपी प्रकरणे उरकतो, अवघड ‘कागदपत्रे अपूर्ण’ म्हणून निकाली काढतो, आणि सर्वांत वाईट म्हणजे सासरी गेलेल्या मुलींची नावे गाळून भावांनी आणलेली यादी तशीच चढवतो. तो धोका मॅडमना स्पष्ट दिसत होता.

दुसरा पर्याय तालुक्याच्या ठिकाणी महाशिबिर. मंडप, बॅनर, पाहुणे, उतारे वाटप. महाराजस्व अभियानात अशी शिबिरे झाली होती आणि त्यांचा उपयोग होतोच, पण तयार झालेले उतारे वाटण्यासाठी. अडकलेले प्रकरण मंडपात सुटत नाही.

तिसरा पर्याय एका तरुण तलाठ्याने मांडला: मोबाईलवरचा फॉर्म आणि गावागावांचे व्हॉट्सअॅप गट. ई-हक्क आधीच असताना आणखी एक खिडकी उघडून गोंधळ वाढेल, म्हणून तो मागे पडला. त्या पोराचा हिरमोड झाला खरा, पण पुढे त्यालाच सगळ्यात जास्त काम मिळाले.

चौथा पर्याय सर्वांत हळू होता. एकच मंडळ घ्यायचे, त्यातल्या कर्मचाऱ्यांनीच अडथळा शोधायचा, उपाय त्यांनीच सुचवायचा, आणि तहसीलदारांनी फक्त वाट मोकळी करून द्यायची. मॅडमनी हाच निवडला. वरिष्ठांना सांगायला हा पर्याय फार अवघड, कारण पहिले काही आठवडे दाखवायला काहीच नसते.

काय केले

गट निवडताना पहिला कस लागला. हुशार, संगणक येणारे, हसतमुख असेच कर्मचारी अशा कामाला घ्यायची पद्धत आहे. इथे निवृत्तीला आलेले, कशालाही आधी नाही म्हणणारे एक तलाठी मुद्दाम घेतले. परजिल्ह्यातून आलेला, अहिराणी नीट न कळणारा तो तरुण तलाठी घेतला. सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी, होते. आणि दोन कोतवाल होते. कोतवाल बैठकीत असतात ते चहा आणायला. इथे त्यांना खुर्ची दिली आणि बोलायची पाळी सर्वांत आधी त्यांची ठेवली. नेतृत्व शिकवायला मी अनेक वर्गांत अनेक तक्ते दाखवले आहेत, पण बोलण्याचा क्रम उलटा केल्याने त्या खोलीत जो फरक पडला तो कुठल्या तक्त्याने पडलेला मी पाहिलेला नाही.

पहिले काम असे दिले: प्रत्येकाने आपल्या सजातली अडकलेली काही प्रकरणे घ्यायची आणि कागद नेमका कुठे थांबला ते त्या घरी जाऊन विचारायचे. मधेच १४ ते २० मार्च २०२३ चा जुन्या पेन्शनचा संप आला आणि आठवडा गेला. संप मिटल्यावर जे समोर आले ते असे.

अर्जच घेतला जात नव्हता. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अर्ज स्वीकारला की मुदत सुरू होते आणि विनाकारण विलंब झाला तर ५०० ते ५,००० रुपये दंड. म्हणून सगळे कागद हातात येईपर्यंत अर्ज घ्यायचाच नाही, अशी सवय पडली होती. नागरिकाच्या बाजूने केलेल्या कायद्याने नागरिकाला दारातच थांबवले होते, आणि ही गोष्ट ज्येष्ठ तलाठ्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितली. त्यासाठी मी त्यांना मानतो.

दुसरे, मृत्यू दाखलाच नव्हता. माणूस सुरतेच्या किंवा धुळ्याच्या दवाखान्यात वारला तर नोंद तिथे होते, गावच्या ग्रामसेवकाच्या वहीत नाही. २१ दिवसांत नोंद झाली नाही आणि वर्ष उलटले, तर वरच्या अधिकाऱ्याच्या आदेशापर्यंत जावे लागते.

तिसरे आणि सर्वांत मोठे: बहिणी. त्या चार गावांना दिलेल्या. नोटीस जाते माहेरच्या पत्त्यावर, ती घेतो भाऊ, आणि बहिणीला काही कळतही नाही. कोणाला पुढे कळते आणि हरकत येते, मग प्रकरण तक्रारीत. कोणाला कधीच कळत नाही.

इथे एका कोतवालाने आपली पिशवी उघडली. त्यात गावातल्या शोकपत्रिका होत्या, गंधमुक्तीच्या, म्हणजे उत्तरकार्याच्या निमंत्रणाच्या, मधोमध घडी पडलेल्या, काहींवर हळदीची बोटे उमटलेली. वारलेल्या माणसाचे नाव, तारीख, आणि खाली शोकाकुल म्हणून मुले, सुना, मुली, जावई, गावांच्या नावांसकट. वर्षानुवर्षे ते त्या जपून ठेवत होते, कारण पंचनाम्याला किंवा नोटीस बजवायला गेले की कोण कोणाचा ते विचारावे लागत नाही. एका प्रकरणात प्रतिज्ञापत्रावर दोन मुली होत्या आणि पत्रिकेवर चार. भाऊ म्हणाले, त्या दोघी आधीच वारल्या. पण वडिलांच्या आधी वारलेल्या मुलीची मुलेही हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गाचे वारस असतात. शोकपत्रिका हा पुरावा नव्हे, हे सर्कलनी लगेच बजावले. मात्र कोणाचे नाव राहिले हे तपासायला तिच्याइतके सोपे साधन त्या खोलीत कोणी सुचवू शकले नसते.

त्याच बैठकीत शिबिराची तारीख मे महिन्यात ठरत होती. दुसरे कोतवाल म्हणाले, “मॅडम, बहिनी आखाजीलेच येतस. नंतरना शिबिरले कोन यी?” अक्षय्य तृतीयेला खानदेशातल्या सासुरवाशिणी माहेरी येतात, सुरतेची माणसे गावी येतात, सालदारांचे नवे साल ठरते, आणि वर्षभरात वारलेल्या माणसासाठी घागर भरतात. सगळे वारस एका छपराखाली असण्याचा वर्षातला तो एकच दिवस. २०२३ ची आखाजी २२ एप्रिलला, शनिवारी होती. सणाच्या दिवशी कोणाच्या दारात सरकारी टेबल मांडायचे नाही असे ठरले, आणि २३ तारखेचा रविवार धरला. सुट्टी होती, कर्मचाऱ्यांनी बदली रजेच्या बोलीवर ती दिली.

लेखी आदेशाचा निर्णय

सगळे ठरले आणि ज्येष्ठ तलाठी म्हणाले, “प्रयोग तुमचा, चौकशी माझी.”

या प्रकरणातला कळीचा क्षण मी हाच मानतो. पंचवीस-तीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाने किती वेळा पाहिले असते की, साहेबांनी तोंडी सांगितले, साहेब बदलून गेले, आणि नियम का मोडला याची नोटीस खालच्याला आली. त्यांच्या नकारात आळस नव्हता, अनुभव होता. मॅडमनी त्यांना समजावले नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या सहीने कार्यालयीन आदेश काढला. अपूर्ण कागदांसह आलेला अर्जही घ्यायचा, त्रुटी लिहून द्यायची आणि पोच द्यायची. मुलींना नोटीस सासरच्या पत्त्यावर पाठवायची. कायद्यातली एकही पायरी वगळायची नाही. आणि या पद्धतीमुळे झालेल्या विलंबाचा खुलासा तहसीलदार देतील. प्रत प्रांत साहेबांना, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांना. आदेश दीड पानाचाही नव्हता.

तो हातात पडल्यावर ज्येष्ठ तलाठ्यांनीच तीन गावांची यादी सर्वांत आधी तयार करून आणली. पुढे मी जिथे जिथे नवोपक्रम शिकवायला गेलो तिथे हा आदेश, नावे काढून, वाचायला देतो. आमच्या कर्मचाऱ्यांना कल्पना सुचत नाहीत हे मला पटत नाही. सुचलेली कल्पना करून पाहण्याची लेखी मुभा त्यांना मिळत नाही.

रविवारचा दिवस आणि हक्कसोड

तीन गावांत, शाळेच्या खोल्यांत टेबले मांडली. पहिल्या टेबलावर कोतवाल आणि पोलीस पाटील वंशावळ लिहून घेत. दुसऱ्यावर तलाठी अर्ज आणि जबाब घेत. मुलींशी बोलायची जागा वेगळी होती. तिथे एक महिला तलाठी आणि अंगणवाडी सेविका. त्यांनी प्रत्येकीकडून सासरचा पूर्ण पत्ता आणि तिचा स्वतःचा मोबाईल नंबर लिहून घेतला. अनेकींनी आधी नवऱ्याचा नंबर सांगितला. तुमचा सांगा, असे दोनदा म्हणावे लागे.

दुपारी अपेक्षित ते झाले. एका गावात काही भाऊ हक्कसोडीचे कागद लिहून घेऊन आले. म्हणणे सरळ होते: बहिणी इथेच आहेत, राजीखुशीने सोडत आहेत, आत्ताच करून टाका. गावातले वजनदार लोकही मागे उभे. महिला तलाठ्याने मॅडमना फोन लावला.

दोन वाटा होत्या. कागद घेतला असता तर बरीच प्रकरणे त्या संध्याकाळी मिटली असती, गाव खूश झाले असते. कायद्याने हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते हे खरे, पण साध्या कागदावर जबाब घेऊन नाव न लावण्याची वाट जुन्या लोकांना ठाऊक असते. मॅडमनी सांगितले: आज फक्त सर्व वारसांची नावे लागतील. कोणाला हक्क सोडायचा असेल तर नाव लागल्यावर, नोंदणीकृत दस्ताने, स्वतःच्या सवडीने. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातली शंका मिटवली. सरकारी टेबलाने त्या हक्कावर सणाच्या गर्दीत पाणी सोडायला लावणे बरोबर नाही, अशी त्यांची भूमिका होती. काही कुटुंबे अर्ज न देताच उठून गेली. दोन दिवसांनी एका पुढाऱ्याचा फोनही आला. निर्णय बदलला नाही. माझ्या मते त्या दिवसाची प्रतिष्ठा या एका नकारावर टिकली, कारण संध्याकाळी त्याच गावातून अशा बायका आल्या ज्या सकाळी टेबलाच्या जवळही आल्या नव्हत्या.

निष्पन्न

पहिला परिणाम उलटा दिसला. मे महिन्याच्या आढाव्यात या मंडळाची प्रलंबित प्रकरणे तालुक्यात सर्वांत जास्त. साहजिकच होते: इतर मंडळांत अर्जच आलेले नव्हते, इथे स्वतःहून शोधून आणलेले. तक्त्यात मात्र दोन्ही एकाच रकान्यात. सर्कलना सर्वांसमोर उभे राहून उत्तर द्यावे लागले, आणि मॅडमनी त्यांना मधेच थांबवून खुलासा स्वतः दिला. पुढच्या तक्त्यात त्यांनी ‘स्वतःहून शोधलेली’ असा वेगळा रकाना घातला. आदेशातला शब्द पाळला गेला हे कर्मचाऱ्यांनी त्या बैठकीत पाहिले.

पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत बिनहरकत प्रकरणांपैकी बहुतेक प्रमाणित झाली. वादाची प्रकरणे तक्रार नोंदवहीत रीतसर गेली; ती सुटली नाहीत, पण निदान कुठे आहेत ते कळू लागले. टिकाऊ बदल वेगळाच झाला. ज्येष्ठ तलाठ्यांनी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ग्रामसेवकाची मृत्यू नोंदवही आणि आपला ८-अ, म्हणजे खातेदारांच्या जमिनीची नोंदवही, समोरासमोर ठेवायला सुरुवात केली. खातेदार वारला असेल तर अर्जाची वाट न पाहता घरी निरोप. बाहेरगावी वारलेल्यांसाठी कोतवालाची पिशवी. अर्ध्या दिवसाचे काम.

२०२४ ची आखाजी १० मेला आली. १३ मेला जळगाव, रावेर, नंदुरबार आणि २० मेला धुळे, असे लोकसभेचे मतदान. सगळा महसूल विभाग निवडणुकीत. रविवारचे टेबल लागलेच नाही. त्याआधीच मॅडमची बदली झाली होती, आणि ज्येष्ठ तलाठी निवृत्त. नव्या तहसीलदारांचा विरोध नव्हता, त्यांना हे कोणी सांगितलेच नव्हते.

१ एप्रिल २०२५ पासून राज्यभर मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याची ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली, बुलढाण्यात आधी राबवलेल्या प्रयोगावरून. तेव्हा या मंडळात मृत खातेदारांच्या याद्या बऱ्याच अंशी तयार होत्या. तो तरुण तलाठी, आता अहिराणी चांगली बोलणारा, शेजारच्या दोन मंडळांना ८-अ आणि मृत्यू नोंदवही कशी जुळवायची ते शिकवायला गेला. त्याला कोणी पाठवले नव्हते. तिथल्या सर्कलनी बोलावले होते.

काय वेगळे करता आले असते

आदेशाला मुदत होती, ३१ मार्च २०२४. आर्थिक वर्षाबरोबर संपवायची सवय म्हणून ती पडली. मुदत संपल्यावर अपूर्ण अर्ज न घेण्याची जुनी पद्धत दोन सजांत परत आली. आदेशात मुदत संपण्याआधी आढावा कोण घेईल त्या पदाचे नाव असते, तर नव्या अधिकाऱ्याच्या टेबलावर ही फाईल आपोआप आली असती. अहमदनगरला ऐंशीच्या दशकात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी केलेल्या सुधारणा ‘लखीना पॅटर्न’ म्हणून राज्यभर गेल्या, कारण त्या दप्तराच्या लावणीत आणि टेबलाच्या कामात उतरल्या होत्या. इथे मृत्यू नोंदवहीची जुळवणी तलाठ्याच्या दैनंदिनीत छापील ओळ म्हणून यायला हवी होती. ती ज्येष्ठ तलाठ्यांच्या शिस्तीवर राहिली आणि ते गेल्यावर एका सजात बंद पडली.

गट एकाच मंडळापुरता ठेवला हे बरोबर. पण दुसऱ्या मंडळाचा एक तरी माणूस पहिल्या बैठकीपासून बसवला असता, तर शेजारी पोहोचायला दोन वर्षे लागली नसती.

जिल्ह्याकडे पुरस्कारासाठी प्रस्ताव गेला त्यात अधिकाऱ्यांची नावे होती, कोतवालांची नव्हती. नमुन्यात मानधनी कर्मचाऱ्यासाठी रकानाच नव्हता, असे सांगितले गेले. मॅडम तेव्हा बदलून गेल्या होत्या, पण हा मुद्दा आदेश काढतानाच लिहून ठेवता आला असता. तारीख ज्याने सुचवली आणि पिशवी ज्याने उघडली, त्या दोघांच्या सेवापुस्तकी एक शेराही नाही, याची मला खंत आहे. पुढच्या वेळी पिशवी कोण का उघडेल?

हक्कसोड नाकारल्यावर उठून गेलेल्या कुटुंबांकडे नंतर कोणी गेले नाही. त्यांतल्या काहींच्या उताऱ्यावर अजून मृताचेच नाव आहे. त्या आठवड्यात विधी सेवा प्राधिकरणाच्या एखाद्या वकिलाला गावात नेऊन भाऊ-बहिणींशी एकत्र बोलता आले असते.

सुरतेतल्या मृत्यूंचे तर अजून काहीच ठरलेले नाही. दाखला गुजरातीत येतो, नावाच्या स्पेलिंगचा फरक पडतो, आणि एका खेपेला मजुराची दोन दिवसांची रोजी बुडते. तरुण तलाठ्याने सुचवले आहे की, दाखल्यासाठी लागणाऱ्या तपशिलांचा एक द्विभाषिक नमुना तहसीलने द्यावा आणि नावातला किरकोळ फरक सर्कलच्या स्थानिक चौकशीवर स्वीकारावा. प्रस्ताव प्रांत कार्यालयात आहे. सोबत त्याने त्या वेळच्या कार्यालयीन आदेशाची प्रत जोडली आहे आणि तसाच आदेश, यावेळी मुदतीच्या ओळीशिवाय, मागितला आहे.